सायकलवरून पडण्याचा इतिहास

हा लेख लिहायला मला जवळजवळ दीड वर्ष उशीर झाला. कारण सरळ आहे. यात एक चूक माझी आहे, आणि ती आधी कबूल केल्याशिवाय पुढचे काही सांगता येत नाही.

त्या उन्हाळ्यात आम्ही दोघे लेकीकडे कॅलिफोर्नियात, बे एरियात होतो. नातू तेव्हा बारा वर्षांचा. त्याला माउंटन बाइकचा नाद. ही सायकल म्हणजे आपली दूधवाल्याची सायकल नव्हे. जाड खाचांची टायर, रुंद हँडल, पुढच्या चिमट्यात स्प्रिंगसारखे काम करणारी यंत्रणा. ही घेऊन मुले डोंगरातल्या मातीच्या वाटांवरून धावतात आणि मुद्दाम बांधलेल्या मातीच्या चढांवरून उड्या मारतात. अशा उड्यांची तिथे मैदाने असतात. एका रविवारी जावयांबरोबर मीही गेलो.

नातवाने लहान उड्या छान मारल्या. त्यापुढची मधली उडी मात्र त्याला जमेना. दोनदा वेगात आला, दोनदा कडेला वळून थांबला. जावई गाडीतून पाणी आणायला गेले होते. मी फोन हातात धरून उभा. मी ओरडलो, “अरे, घाबरतोस काय? मार की! आजोबा व्हिडिओ काढताहेत!”

तो तिसऱ्यांदा आला. चढाच्या तोंडाशी त्याने माझ्याकडे पाहिले, आणि उडाला. पुढचे चाक खाली गेले, सायकल पलीकडच्या उतारापर्यंत पोचलीच नाही, आणि पोरगा हँडलवरून पुढे फेकला गेला. कॉलर बोन मोडले. हेल्मेटला भेग गेली. दोन-तीन मिनिटे त्याला आज कोणता वार आहे ते सांगता येईना. त्या दोन-तीन मिनिटांबद्दल मी इथे काही लिहिणार नाही.

लेक मला एका शब्दानेही बोलली नाही. बोलली असती तर बरे झाले असते.

मी शाळेत इतिहास शिकवला. काही घडले की हे आधी कुणाच्या बाबतीत घडले होते, त्यांनी पुढे काय केले, हे शोधायची सवय अंगात मुरली आहे. नातू अंधाऱ्या खोलीत झोपून होता (मेंदूला हादरा बसला की सुरुवातीचे एक-दोन दिवस टीव्ही कमी, दंगा तर नकोच). मी बाहेरच्या खोलीत बसून सायकलवरून पडण्याचा इतिहास वाचत होतो. त्यातले जे कळले ते मांडतो.

पहिली गोष्ट ही कळली, की हँडलवरून तोंडावर पडणे सायकलच्या इतिहासात फार जुने आहे. १८७० च्या दशकात इंग्लंडमध्ये ती उंच चाकाची सायकल आली. तुम्ही चित्रात पाहिली असेल. पुढचे चाक माणसाच्या छातीइतके उंच, मागचे एवढेसे, आणि स्वार जवळजवळ पुढच्या चाकाच्या डोक्यावर बसलेला. पायडल थेट चाकालाच जोडलेले, साखळी नाही. त्यामुळे चाक जितके मोठे तितका वेग जास्त. पण पुढे एखादा दगड आला की चाक अडायचे आणि स्वार त्याच्यावरून पुढे डोक्यावर आपटायचा. हे इतक्यांदा व्हायचे, की इंग्रजीत या पडण्याला ‘हेडर’ असे स्वतंत्र नावच पडले.

त्या काळचे स्वार यावर एक युक्ती करत. उतारावर ते दोन्ही पाय उचलून हँडलच्या पुढे टाकत. म्हणजे पडलोच तर डोक्यावर न पडता पायांवर उतरू. बघा, पडणे टळणार नाही हे त्यांनी धरूनच चालले होते. प्रश्न एवढाच, की पडायचे कसे!

मग १८८५ साली जॉन केम्प स्टार्ली याने ‘रोव्हर’ ही सायकल काढली. दोन्ही चाके जवळजवळ सारखी, स्वार दोन चाकांच्या मधे, पायडल खाली आणि तिथून मागच्या चाकाला साखळी. आज आपण जिला सायकल म्हणतो ती हीच. त्या काळी अशा सायकलींना ‘सेफ्टी बायसिकल’, म्हणजे सुरक्षित सायकल म्हणत. स्वाराला आणखी धीट व्हायला सांगून काही हेडर थांबले नाहीत. त्याची बसायची जागा बदलली तेव्हा थांबले. (हे वाक्य मी वहीत लिहून ठेवले आणि खाली रेघ ओढली.)

पुढची ९० वर्षे सायकल बहुतेक करून रस्त्यावरच राहिली. डोंगरात ती नेली गेली नाही असे नाही. पण आजच्या माउंटन बाइकचा जन्म जिथे सांगतात ती जागा नेमकी लेकीच्या घरापासून दीड-दोन तासांवर निघाली. सॅन फ्रान्सिस्कोच्या उत्तरेला, गोल्डन गेट पुलापलीकडे मॅरिन काउंटी आहे. तिथे माउंट टॅमलपायस नावाचा डोंगर आणि त्याच्या शेजारी फेअरफॅक्स नावाचे छोटे गाव. १९७० च्या दशकात तिथली काही लांब केसांची तरुण मुले भंगारातून १९३० आणि ४० च्या दशकांतल्या जुन्या, जाडजूड सायकली विकत घ्यायची. त्यांचे मडगार्ड वगैरे काढून टाकायचे, त्या डोंगरावर न्यायच्या आणि मातीच्या वाटेने खाली सोडून द्यायच्या. एवढाच खेळ.

२१ ऑक्टोबर १९७६ ला त्यांनी फेअरफॅक्सजवळच्या एका उतारावर पहिली शर्यत लावली. वाट साधारण साडेतीन किलोमीटर आणि तेवढ्यात उतार सुमारे ४०० मीटरचा. या वाटेचे नाव पडले ‘रिपॅक’. नावाची गंमत ऐका. त्या जुन्या सायकलींना मागच्या चाकाच्या आसातच ब्रेक असे. पायडल उलटे दाबले की ब्रेक लागायचा. साडेतीन किलोमीटर सतत ब्रेक दाबून आसातले ग्रीस इतके तापायचे की धूर निघायचा. खाली पोचल्यावर आस उघडून त्यात नवे ग्रीस भरावे लागे. भरणे म्हणजे पॅक, पुन्हा भरणे म्हणजे रिपॅक.

त्या पहिल्या शर्यतीत ॲलन बाँड्स जिंकला. त्या दिवशी न पडलेला तो एकटाच होता असे सांगतात. पुढे गॅरी फिशरने ही वाट ४ मिनिटे २२ सेकंदांत उतरण्याचा विक्रम केला, आणि जो ब्रीझ त्याच्या मागे दोनच सेकंद. शर्यती भरवायचा, घड्याळे लावायचा आणि नोंदी ठेवायचा चार्ली केली. या साऱ्याचे फोटो आज आपल्याला दिसतात ते प्रामुख्याने वेंडी क्रॅग या बाईंमुळे. त्या स्वतःही त्या टोळक्यात सायकल चालवत. फोटोतली मुले जीन्स घातलेली, हातात चामडी मोजे, पायात जाड बूट. डोक्यावर बहुतेक काही नाही.

त्या वाटेवर एक वळण आहे. त्याचे नाव ‘कॅमेरा कॉर्नर’. लोक तिथे हमखास पडायचे, म्हणून फोटो काढणारे तिथे जाऊन उभे राहायचे. हे वाचले आणि मी वाचन तेवढ्यावरच थांबवले. त्या दिवशी पुढे काही वाचवले नाही.

असो. या पोरांचे मोठेपण असे की ती नुसती पडत राहिली नाहीत. जो ब्रीझने १९७७ मध्ये खास अशा डोंगरवाटेसाठी नव्या नळ्यांचा नवा सांगाडा बांधला. टॉम रिची सांगाडे बनवू लागला आणि फिशर आणि केली त्या सायकली विकू लागले. १९८१ मध्ये स्पेशलाइज्ड कंपनीने ‘स्टंपजंपर’ ही सायकल मोठ्या संख्येने बाजारात आणली. १९९० च्या सुमारास ‘रॉकशॉक्स’चा धक्के पचवणारा पुढचा चिमटा आला. त्याच वर्षी कोलोरॅडो राज्यातल्या ड्युरँगो गावी या खेळाची पहिली अधिकृत जागतिक स्पर्धा झाली, आणि १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये माउंटन बाइक पोचली. भंगारातून ऑलिंपिकपर्यंत वीस वर्षे!

पण तुम्ही म्हणाल, यात उडी कुठे आहे? बरोबर आहे. उडीचे मूळ दुसऱ्या एका पोरवर्गात आहे. त्याच कॅलिफोर्नियाच्या दक्षिणेला, लॉस एंजेलिसच्या बाजूला, १९७० च्या आसपास शाळकरी मुले लहान चाकांच्या सायकली घेऊन मोकळ्या प्लॉटवर मोटरसायकलच्या मातीतल्या शर्यतींची नक्कल करू लागली. १९७१ मध्ये ‘ऑन एनी संडे’ नावाचा मोटरसायकलींवरचा माहितीपट आला. त्याच्या सुरुवातीलाच ही मुले दिसतात. तो पाहून गावोगावची पोरे तेच करू लागली. या खेळाला पुढे बीएमएक्स असे नाव मिळाले. मातीचे ढिगारे रचायचे आणि त्यांवरून उडायचे, ही कल्पना तिथली. डोंगरवाल्यांनी ती उचलली.

दोन्ही प्रवाह खऱ्या अर्थाने मिसळले कॅनडात. व्हँकुव्हरच्या नॉर्थ शोअर भागात पाऊस आणि दाट जंगल. १९९० च्या दशकात तिथल्या लोकांनी पडलेल्या झाडांवरून आणि चिखलावरून लाकडी पूल बांधले आणि त्यांवरून खाली झेप घ्यायला सुरुवात केली. कॅमलूप्सकडे वेड सिमन्स, ब्रेट टिपी, रिची श्ली हे तिघे कोरड्या टेकड्यांवरून उड्या मारत होते. या सगळ्याच्या व्हिडिओ कॅसेटी जगभर फिरल्या. कॅसेटीत उडी दिसायची. ती उडी मारण्याआधी त्या माणसाने किती लहान उड्या मारल्या होत्या, ते दिसायचे नाही. ठिकठिकाणची पोरे कॅसेट बघून घरामागे फळी आणि विटा लावून उडू लागली. त्यांच्या फळीपलीकडे उतरायला काय होते? सपाट जमीन.

इथून पुढे या इतिहासाच्या दोन वाटा होतात.

एक वाट युटा राज्यातल्या व्हर्जिन या गावाजवळच्या लाल कड्यांकडे जाते. तिथे २००१ पासून ‘रॅम्पेज’ ही स्पर्धा होते (मधली काही वर्षे बंद होती, २००८ मध्ये पुन्हा सुरू झाली). पहिली स्पर्धा वेड सिमन्सनेच जिंकली. तिथल्या उड्या पाहून माझ्यासारख्याच्या पोटात गोळा येतो. पॉल बसागोइटिया नावाचा एक स्वार. २००४ मध्ये, फारसे कुणी ओळखत नसताना, दुसऱ्याची सायकल मागून घेऊन त्याने व्हिस्लरच्या मोठ्या उत्सवातली उड्यांची स्पर्धा जिंकली होती. तोच २०१५ च्या रॅम्पेजमध्ये पडला. पाठीचा मणका फुटला, मज्जारज्जूला इजा झाली. नंतरच्या त्याच्या धडपडीवर २०१९ मध्ये माहितीपट निघाला. त्याचे नाव ‘एनी वन ऑफ अस’, म्हणजे आपल्यातला कुणीही. मी तो पाहिला. लेकीला पाहू दिला नाही. हा गडी काही नवशिका नव्हता, जगातल्या निवडक स्वारांपैकी होता, आणि तरीही. म्हणून कुणी म्हणाले की नीट शिकले म्हणजे काही होत नाही, तर मी ते मान्य करणार नाही. धोका कमी होतो, संपत नाही.

दुसरी वाट व्हिस्लरच्या डोंगरावर जाते. व्हिस्लर व्हँकुव्हरच्या उत्तरेला आहे. हिवाळ्यात बर्फावर घसरणाऱ्यांचे गाव. उन्हाळ्यात त्यांचे पाळणे रिकामेच असायचे. १९९९ पासून तिथे रीतसर सायकल पार्क सुरू झाले. पाळण्यातून सायकलीसह वर जायचे आणि आखलेल्या वाटेने खाली यायचे. बर्फावर असतात तशाच खुणा सायकलच्या वाटांना दिल्या. हिरवे वर्तुळ सोपे, निळा चौकोन मधला, काळा चौकोन (टोकावर उभा केलेला) कठीण. म्हणजे इयत्ता ठरल्या! मास्तर माणसाला याहून आनंदाची गोष्ट कोणती?

तिथली ‘ए-लाइन’ नावाची वाट जगात प्रसिद्ध आहे. तिच्यावर उड्याच उड्या आहेत, आणि त्यांतल्या बहुतेक ‘टेबलटॉप’ प्रकारच्या. म्हणजे चढ आणि उतरण यांच्या मधे खड्डा न ठेवता माती भरून टेबलासारखे सपाट केलेले असते. कमी पडलात तर टेबलावर आपटता. धक्का बसतो, पण बहुधा उभे राहता. मधे रिकामी जागा असलेल्या उडीला ‘गॅप’ म्हणतात. तिथे कमी पडलात तर पलीकडच्या मातीच्या कडेवर चाक आदळते. चूक तीच, शिक्षा वेगळी. शिकणाऱ्यासाठी हा फरक केवढा मोठा आहे, ते मला त्या रविवारी माहीत नव्हते. नातवाची मधली उडी गॅप होती.

अर्थात इयत्ता ठरल्या म्हणजे दवाखाने ओस पडले असे नाही. २००९ च्या एका हंगामात व्हिस्लर पार्कमधून तिथल्या दवाखान्यात आलेल्या जखमींचा अभ्यास डॉक्टरांनी प्रसिद्ध केला आहे. सुमारे ९०० माणसे, बहुतेक तरुण पुरुष, आणि मोडलेल्या हाडांत खांदा, हात, मनगट यांची संख्या सर्वांत जास्त. पडताना माणूस हात पुढे करतो, त्याला काय करणार.

आता थोडे गणित. घाबरू नका, सूत्र शाळेतलेच आहे आणि आकडेमोड नातवाने तपासली आहे. फेकलेली वस्तू हवेत कोणत्या वक्राने जाते, ते गॅलिलिओने १६३८ च्या पुस्तकात मांडले. सायकलवाला चढाची कड सोडतो त्या क्षणापासून तो फेकलेला दगडच. हवेत त्याला वेग वाढवता येत नाही. समजा कड ३० अंशांत वर वळलेली आहे आणि उतरायची जागा कडेइतक्याच उंचीवर आहे. ताशी २० किलोमीटरने आलात तर सुमारे २.७ मीटर जाल. ताशी २५ ने ४.३ मीटर. ताशी ३० ने ६.१ मीटर. म्हणजे वेग दीडपट झाला की अंतर सव्वादोनपट होते. उलटेही तसेच. भीतीने ब्रेकला बोट लावले, ताशी पाच किलोमीटर वेग गेला, तर दीड मीटरहून जास्त अंतर कमी पडले. आणि हे सगळे घडते एका सेकंदाच्या आत.

दुसरी गोष्ट उतरणीची. याच कॅलिफोर्नियातल्या डेव्हिस विद्यापीठातले माँट हबर्ड आणि त्यांचे सहकारी यांनी बर्फावरच्या उड्यांचा अभ्यास केला आहे. त्यांचा प्रश्न असा, की ही उडी संपताना बसणारा धक्का किती उंचीवरून सपाट जमिनीवर पडल्याइतका आहे? उतरणीचा उतार तुमच्या खाली येण्याच्या वाटेशी जुळता असेल तर मोठ्या उडीचाही धक्का लहान होतो, कारण तुम्ही जमिनीवर आदळत नाही, तिच्या बाजूने सरकत जाता. उतरण सपाट असेल तर लहान उडीही हाडे मोडते. धोका ठरतो तो बऱ्याच अंशी पलीकडची माती कशी घातली आहे यावर. बघणारे मात्र किती उंच गेला तेच बघतात. मीही तेच बघत होतो.

अडीच महिन्यांनी डॉक्टरांनी परवानगी दिली. लेकीने एक अट घातली, की शिकवणाऱ्या माणसाकडे जाऊन शिकायचे. नवे हेल्मेट आले, कारण एकदा आपटलेले हेल्मेट पुन्हा वापरायचे नसते. नव्यात आत एक सरकणारे अस्तर आहे. डोके तिरके आपटले की मेंदूला जी पिळवट बसते ती त्याने थोडी कमी व्हावी, ही कल्पना १९९० च्या दशकात स्टॉकहोममध्ये एका मेंदूच्या सर्जनने आणि तिथल्या तंत्रविद्यापीठातल्या लोकांनी मिळून पुढे आणली.

शिकवणारी पंचविशीतली एक मुलगी होती. तिने आधी काय मागावे? माझा व्हिडिओ. अकरा सेकंदांचा आहे तो. मी पुसला नव्हता, पाहिलाही नव्हता. तिने तो हळू करून दाखवला. एक, चढाच्या तोंडाशी बोट ब्रेकवर. दोन, हातपाय ताठ आणि अंग मागे. ताठ माणसाला चढाचा वक्र मागून लाथ मारल्यासारखा उडवतो, मागचे चाक वर येते, पुढचे खाली जाते. आणि तीन, नजर. नजर पलीकडच्या उतरणीवर हवी. “हा कुठे बघतोय?” तिने विचारले. नातू काही बोलला नाही. मीच म्हणालो, “माझ्याकडे.”

पहिले दोन दिवस तिने उडीचे नावही काढले नाही. पंप ट्रॅक नावाची लाटालाटांची गोल वाट असते. तिच्यावर पायडल न मारता, फक्त गुडघे आणि कोपरे दुमडून आणि ताणून वेग राखायचा. सीट अगदी खाली, पायडल आडवे, कोपरे बाहेर, बोटे ब्रेकजवळ पण ब्रेकवर नाहीत. हे अंगात भिनल्यावर गुडघाभर उंचीचा टेबलटॉप. तोही आधी पायी चालत जाऊन बघायचा, माती ओली आहे का, पलीकडे कुणी पडले आहे का. मग न उडता नुसता त्याच्यावरून जायचे. मग अर्धी उडी. चढाच्या वक्रात सायकल खाली दाबायची, कडेवर अंग मोकळे सोडायचे, हवेत काही करायला जायचे नाही, उतरताना दोन्ही चाके उताराला लागू द्यायची आणि गुडघ्यांनी धक्का प्यायचा. तीच उडी दहा वेळा सारखी जमली तरच पुढची. आणि ‘आता शेवटची एक’ म्हणायचे नाही. दमलेल्या माणसाची शेवटची उडी फार वाईट असते म्हणे.

आणि एक नियम तिने आम्हा बाहेर उभ्या असलेल्यांना सांगितला. कुणी ‘मार’ म्हणायचे नाही, कुणी एक-दोन-तीन मोजायचे नाही. जायचे की वळायचे, हे सायकलवरचा ठरवेल. “तो दोनदा वळला, ते अगदी बरोबर होते,” ती म्हणाली. “वेग जुळत नाही हे त्याला कळले होते.”

मी पस्तीस वर्षे शिकवले. त्या वाक्याने मला जेवढे शिकवले तेवढे कुठल्याही प्रशिक्षण शिबिराने शिकवले नाही.

भारतात परतल्यावर हे सगळे अक्काला, माझ्या थोरल्या बहिणीला सांगत होतो. मी म्हटले, “आपल्या वडिलांनी मला विहिरीत ढकलून दिले आणि मी पोहायला लागलो. मला वाटायचे शिकवायची रीत हीच.” अक्का म्हणाली, “ढकलले ते तुला आठवतेय. तुझ्या पाठीला वाळका भोपळा बांधला होता, कमरेला दोर होता, तो भाऊंच्या हातात होता आणि काका आधीच पाण्यात उतरून उभे होते, ते आठवत नाही होय रे?”

खरेच आठवत नव्हते. अजूनही दोर आठवत नाही. पण अक्का खोटे बोलत नाही. आणि सायकल तरी आम्ही कशी शिकलो? आधी नळीच्या मधून पाय घालून हाफ पायडल, मग नळीवर, मग सीटवर. इयत्ता आमच्याकडेही होत्याच. गोष्ट सांगताना आम्ही त्या गाळल्या आणि नुसते धाडस तेवढे पोरांना ऐकवत राहिलो. त्या कॅसेटींसारखेच.

निघण्याच्या आधी जावई आम्हाला फेअरफॅक्सला घेऊन गेले. तिथे सायकलींचे एक छोटे संग्रहालय आहे, २०१५ मध्ये उघडलेले. एकोणिसाव्या शतकातल्या उंच चाकाच्या सायकली आणि रिपॅकच्या काळातल्या भंगार सायकली एकाच छताखाली. नातू त्या उंच चाकाकडे बघून म्हणाला, “आजोबा, यावर बसायची तर हिंमतच पाहिजे.” मी म्हटले, “नको रे बाबा. म्हणून तर लोकांनी दुसरी बनवली.”

मधल्या आकाराचा टेबलटॉप त्याने आम्ही परतायच्या आठवड्यात मारला. मी पाहिला नाही. त्या वेळी मी बाकावर बसून बुटाची नाडी बांधत होतो, आणि फोन गाडीत होता. मातीवर चाके टेकल्याचा आवाज तेवढा आला. धप्प असा नाही, सुळकन. वर पाहिले तर तो पलीकडे पोचला होता आणि पुन्हा वर यायला निघाला होता. ती गॅपची उडी अजून बाकी आहे. कधी मारणार, ते मी विचारलेले नाही.